खापरपणजोबा ‘लढाईत गेले’, पण सरकारी यादीत नाव बसतं का? फोनवरून शोध कसा घ्यायचा

गावच्या चावडीच्या, जुन्या शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली एक लहानशी दगडी पाटी तुम्ही कदाचित पाहिली असेल. मजकूर बहुतेक वेळा इंग्रजी असतो. अर्थ साधारण असा, की या गावातून अमुक इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. कोकणात, साताऱ्याकडे, पुणे जिल्ह्यात अशा पाट्या आजही सापडतात. पाटी नीट वाचलीत तर एक गोष्ट खटकेल. तिच्यावर एकही नाव नसतं. नुसते दोन आकडे.

मग घरात कोणीतरी म्हणतं, ‘त्यातले एक आपले.’ आणि तुम्ही फोन काढून गुगलवर नाव टाकता. काहीच येत नाही.

आज आपण नेमकं हेच बघणार आहोत. पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेलेल्या माणसाचं नाव अधिकृत स्मरणयादीत येऊ शकतं का, ते कोण ठरवतं, आणि त्यासाठी लागणारा पुरावा फोन हातात घेऊन कसा गोळा करायचा. लेख थोडा मोठा आहे, पण विषयच तसा आहे. सेव्ह करून ठेवा.

यादी कोणाची?

दोन्ही महायुद्धांतल्या ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांमधल्या मृतांची अधिकृत नोंद ठेवणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. पुढे मी नुसतं ‘आयोग’ म्हणेन. १९१७ मध्ये ती ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ या नावाने सुरू झाली, १९६० मध्ये नाव बदललं. तिचे सदस्य देश सहा आहेत, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत. हो, भारतसुद्धा. म्हणजे ही ‘त्यांची’ यादी आहे आणि आपण बाहेरून विनंती करतोय, असा प्रकार नाही. दीडशेहून जास्त देशांत मिळून सुमारे १७ लाख मृतांची नोंद या संस्थेकडे आहे. पुण्यात खडकीला जी सुबक राखलेली लष्करी दफनभूमी आहे, ती याच आयोगाची.

दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक वेगळं. ते फेब्रुवारी २०१९ मध्ये खुलं झालं आणि स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतल्या जवानांसाठी आहे. पहिल्या महायुद्धातला माणूस तिथल्या यादीत शोधत बसू नका. इंडिया गेट मात्र आपल्या विषयातलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्या मृतांसाठी ते बांधलं गेलं आणि त्यावर १३ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत.

नियम काय सांगतो?

घरच्यांना वाटतं की प्रश्न ‘लढाईत मेला का?’ हा आहे. आयोगाचा प्रश्न तो नाही. आयोग विचारतो, मृत्यूच्या दिवशी हा माणूस सैन्याच्या पटावर होता का?

आधी तारखा बघा. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. तोफा ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबल्या, मग १९२१ कुठून आलं? तर ब्रिटनमध्ये युद्ध ‘कायद्याने’ संपलं ते ३१ ऑगस्ट १९२१ ला. आपल्या फायद्याची गोष्ट ही की १९१९ किंवा १९२० मध्ये गेलेला माणूसही या चौकटीत बसतो. ‘तोवर लढाई संपली होती’ असं म्हणून बरेच जण शोधच सोडून देतात.

आता मुख्य भाग. तारीख चौकटीत असेल आणि माणूस त्या दिवशी सैन्यात नोकरीवर असेल, तर मृत्यूचं कारण काहीही चालतं. गोळी, पटकी, हिवताप, अपघात, अगदी सुट्टीवर घरी असताना आलेला ताप. पण माणूस आधीच पलटणीतून सुटला असेल, डिस्चार्ज घेऊन घरी आला असेल आणि मग गेला असेल, तर नियम कडक होतो. मृत्यू नोकरीत झालेल्या जखमेमुळे किंवा आजारामुळे झाला, किंवा नोकरीमुळे जुना आजार बळावला, हे दाखवावं लागतं. आणि तो मृत्यूही वरच्या तारखांच्या आतच हवा.

व्यापारी बोटींवरचे खलाशी आणि मान्यताप्राप्त सहायक संस्थांतले लोक यांच्यासाठी तिसरा मापदंड आहे. त्यांचा मृत्यू कामावर असताना आणि युद्धाशी थेट जोडलेल्या कारणाने झालेला हवा. टॉर्पेडो, सुरुंग, बॉम्ब वगैरे.

थोडं कोरडं वाटतंय ना? एक उदाहरण घेऊ, रायगड-मुंबईकडच्या घरोघरी माहीत असलेलं. ‘रामदास’ बोट. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तारीख बघा, ३१ डिसेंबर १९४७ च्या आतली आहे. पण बोटीवरच्या खलाशाचं नाव आयोगाच्या यादीत येणार नाही, कारण बोट शत्रूने बुडवली नाही, वादळाने बुडवली. आता समजा त्याच बोटीत सुट्टीवर घरी चाललेला, सेवेत असलेला एखादा शिपाई होता. नियमाप्रमाणे तो पात्र ठरतो, कारण त्या दिवशी तो पटावर होता आणि त्याच्या बाबतीत कारण बघितलं जात नाही. बोट तीच आणि लाटही तीच.

मला विचाराल तर हा नियम थोडा विचित्रच आहे. पण तो समजला की शोधाची दिशा एकदम स्पष्ट होते. शौर्याच्या कथा गोळा करण्यात वेळ घालवायचा नाही. दोन तारखा शोधायच्या. मृत्यूची तारीख आणि नोकरी संपल्याची तारीख.

नागरिकांचं काय? दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या कारवाईत मेलेल्या नागरिकांसाठी आयोगाची वेगळी नामावली आहे. तिचे ग्रंथ लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत ठेवलेले आहेत. पण अट पुन्हा तीच, शत्रूची कारवाई. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट फुटली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले आणि गोदी कामगार, आसपासचे रहिवासी शेकड्यांनी मेले. बोटीत दारूगोळा होता, तो युद्धासाठीच आला होता, पण स्फोट अपघाताने झाला. त्यामुळे ‘शत्रूची कारवाई’ ही अट तिथे पूर्ण होत नाही.

पहिली पायरी: नाव आधीच आहे का?

अर्ज वगैरे नंतर. आधी डेटाबेस. गुगलवर आयोगाचं नाव इंग्रजीत टाका, त्यांच्या साइटवर ‘फाइंड वॉर डेड’ नावाचं सर्च पान आहे. ते पूर्ण मोफत आहे, लॉगिन लागत नाही. ‘शहीद प्रमाणपत्र काढून देतो, इतके रुपये पाठवा’ असे मेसेज फिरत असतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका.

आता गंमत अशी की साधं नाव-आडनाव टाकून आपली माणसं सहसा सापडत नाहीत. कारणं तीन आहेत.

पहिलं, बऱ्याच हिंदी सैनिकांचं अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात भरलेलं आहे आणि पहिल्या नावाचा रकाना रिकामा आहे. म्हणून पहिल्या नावाचा रकाना मोकळा सोडा आणि आडनावाच्या जागी कधी नाव, कधी आडनाव टाकून बघा.

दुसरं, स्पेलिंग. पलटणीच्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचंच बघा. १० जुलै १९४४ ला इटलीत ते पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव नोंदींमध्ये ‘वाय’नंतर ‘ई’ लावून, म्हणजे ‘येशवंत’ असं लिहिलेलं आहे. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही गत, तर साध्या शिपायाची काय असेल! सावंत ‘डब्ल्यू’ने आणि ‘व्ही’ने, दोन्ही करून बघा. ‘मराठा’ या शब्दात तेव्हाच्या इंग्रजीत पहिल्या ‘ए’नंतर एक जास्तीचा ‘एच’ असायचा आणि ‘टी’ दोनदा यायचा. पलटणीच्या रकान्यात तसंच टाका.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’ असा एक फिल्टर आहे. भारतीय सैनिकांच्या पुष्कळ नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा या रकान्यात लिहिलेला असतो. तेव्हा माणसाच्या नावाऐवजी गावाच्या नावाने शोधा. पण जिल्हा टाकताना आजचा नकाशा विसरा. सिंधुदुर्ग टाकलंत तर काही येणार नाही, कारण १९८१ पर्यंत तो रत्नागिरीचाच भाग होता. रायगडला तेव्हा कुलाबा म्हणत. पुणे म्हणजे पूना, खडकी म्हणजे किर्की. संस्थानी मुलुख असेल तर संस्थानाचं नाव, उदाहरणार्थ सावंतवाडी किंवा कोल्हापूर.

हुद्द्याकडेही लक्ष द्या. सगळे बंदूकवाले नव्हते. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे भिस्ती, स्वयंपाकी, झाडूवाले, हमाल असे हजारो लोक ‘फॉलोअर’ म्हणून सैन्याच्या पटावर होते. त्यांनाही तोच नियम लागू आहे. घरी ‘ते शिपाई होते’ असं सांगितलं जात असलं तरी हुद्द्याचा फिल्टर लावू नका.

निकाल भरमसाट आले तर ते फाइल म्हणून डाउनलोड करता येतात. फोनवर शीटमध्ये उघडा आणि गावाच्या रकान्यात शोधा. मी हे काम बसमध्ये बसून करतो.

बोटीवरचा माणूस असेल तर

कोकणातल्या खूप घरांत ‘आमचे बोटीवर होते’ असं असतं. आगवाले, सारंग, तांडेल. अशांसाठी ‘मर्चंट नेव्ही’ हा पर्याय निवडा. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक मुंबईतच आहे, इंडियन सेलर्स होममध्ये. दुसऱ्या महायुद्धासाठी तिथे एक नोंदवही आहे आणि तशीच दुसरी प्रत बांगलादेशातल्या चितगावच्या युद्ध दफनभूमीत आहे. तिच्यात तेव्हाच्या हिंदी नौदलाचे सुमारे ४०० आणि व्यापारी बोटींवरचे सहा हजारांच्या आसपास खलाशी आहेत.

खलाशाच्या बाबतीत बोटीचं नाव मिळवणं हेच अर्धं काम. बोटीचं नाव आणि महिना मिळाला की ती कशी बुडाली हे बहुतेक वेळा ऑनलाइन कळतं. उदाहरणार्थ ‘तिलावा’ ही मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली बोट २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली. अशा बोटीवर कामाला असलेल्या माणसाचं कारण वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पण तोच माणूस लिव्हरपूलच्या खोलीत न्यूमोनियाने गेला असेल, तर प्रकरण अवघड.

नाव सापडत नाही, म्हणजे काय?

दोन शक्यता. एक, नाव आहे पण दगडावर नाही. बसऱ्याचं स्मारक हे याचं ठळक उदाहरण. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून जास्त जणांसाठी ते १९२९ मध्ये उभं राहिलं. आपल्या मराठा पलटणी तिथे मोठ्या संख्येने होत्या. ज्या तुकडीला कूत-अल-अमाराच्या वेढ्यात एप्रिल १९१६ मध्ये शरण जावं लागलं तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन. स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि बाकीच्या हिंदी सैनिकांची पलटणवार फक्त संख्या लिहिली. नावं नोंदवहीत राहिली. म्हणून स्मारकाचे फोटो झूम करून बघण्यात अर्थ नाही, डेटाबेसच बघायला हवा.

दुसरी शक्यता, नाव कुठेच नाही. हेही खूप घडलंय. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या कारभारावर एक अहवाल काढला. त्यात मान्य केलं की पहिल्या महायुद्धानंतर ४५ ते ५४ हजार मृतांचं, ज्यांत हिंदी आणि आफ्रिकी सैनिक मोठ्या प्रमाणात होते, स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने केलं गेलं नाही. आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचं, प्रामुख्याने आफ्रिका आणि इजिप्तमधल्या, नावाने किंवा अजिबातच स्मरण झालं नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. म्हणजे यादीत नाव नसणं हा तुमचा माणूस अपात्र असल्याचा पुरावा नाही.

पुरावा कुठे असतो? घरात आणि तहसीलमध्ये

माझा एक मित्र खेड तालुक्यातला. त्याचे खापरपणजोबा पलटणीत होते आणि १९१९ मध्ये घरी वारले. यादीत नाव नाही. मित्राची आजी सांगते, ‘आजेसासरे लढाईवरून आले नि आठ दिवसांत गेले. कसला ताप होता देवाला ठाऊक.’ गेली दोन पावसाळे आम्ही दोघं या प्रकरणामागे आहोत. काय काय हाती लागलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

पहिली वस्तू पदक. ट्रंकेत, हळदीकुंकवाच्या डबीत. पदकाच्या कडेवर, म्हणजे जिथे नाण्याला दाते असतात तिथे, सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर तर असतेच, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या हिंदी फौजेच्या पदकांवरही असते. अक्षरं झिजलेली असतात. फोनचा टॉर्च वरून मारू नका, बाजूने अगदी आडवा धरा, सावलीमुळे अक्षरं उठून दिसतात. कड थोडी थोडी फिरवत सात-आठ फोटो काढा. आणि कृपा करून चिंच किंवा राख लावून घासू नका, आहे तेवढंही जाईल. आमच्या पदकावर नंबर, ‘सिपॉय’ आणि ११४ मराठा एवढं लागलं. नाव अर्धंच.

काही घरांत बशीएवढी गोल ब्राँझची चकती असते, ब्रिटानिया आणि सिंह असलेली, त्यावर फक्त नाव. ती मृत सैनिकांच्या वारसांना दिली जायची. तुमच्याकडे असेल तर तुमचं काम बरंच सोपं झालं, कारण तेव्हाच्या सरकारने हा मृत्यू युद्धाच्या खात्यात धरला होता असा तिचा अर्थ होतो. आमच्याकडे नव्हती.

पदक नोकरी सिद्ध करतं, मृत्यू नाही. त्यासाठी दुसरा कागद, कोतवाल बुक. म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेल्या काही वर्षांत हे शब्द सगळ्यांना माहीत झालेत. त्या शोधाचा आपल्याला आयता फायदा असा की अनेक जिल्ह्यांत या वह्या स्कॅन होऊन जिल्ह्याच्या वेबसाइटवर आल्या आहेत. आधी तिथे बघा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. जुन्या नोंदी मोडीत असतात. माझ्या फोनवरच्या लेन्सला मोडी वाचता आली नाही, बिचाऱ्याने तिचं भलतंच काहीतरी केलं. जाणकार माणसाकडूनच वाचून घ्या आणि प्रमाणित नक्कल काढा, नुसता फोटो चालत नाही. आमच्या नोंदीत तारीख मिळाली, जानेवारी १९१९. कारणाच्या जागी एकच शब्द, ‘ताप’.

आता इथे प्रकरण अडलं. नोकरी सिद्ध, मृत्यू सिद्ध, तारीख चौकटीत. पण त्या दिवशी ते रजेवर होते की सुटून आले होते? सुटून आले असतील तर ‘ताप’ या एका शब्दावरून तो मेसोपोटेमियाचा हिवताप होता की तेव्हा गावोगाव पसरलेला इन्फ्लुएन्झा, हे शंभर वर्षांनंतर कोण सांगणार? रजेवर असतील तर तापाचा प्रश्नच उरत नाही.

त्यामुळे आम्ही कारण सोडून कागदाच्या मागे लागलो. तुम्हीही याच क्रमाने जा. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं पुस्तक किंवा ट्रेझरीचा कागद, पलटणीच्या डेपोचं पत्र, मनिऑर्डरच्या पावत्या. विधवेला पेन्शन मिळत असेल तर तिच्या कागदावर ती कशाबद्दल मंजूर झाली हे लिहिलेलं असू शकतं, आणि सुटून आल्यावर गेलेल्या माणसाच्या बाबतीत याच्याइतका मोलाचा पुरावा दुसरा नाही. ट्रंक, देव्हाऱ्याचा खण, जुन्या सातबाराच्या पुडक्यातले कागद, सगळं बघा. जमिनीच्या वादासाठी म्हणून जपलेल्या कागदांत हमखास काहीतरी निघतं.

आमचं तिथेच निघालं. १९१९ च्या मार्चमधलं, डेपोच्या शिक्क्याचं इंग्रजी टाइप केलेलं पत्र. घरात कोणाला इंग्रजी येत नव्हतं म्हणून ते शंभर वर्षं ‘कसलातरी कोर्टाचा कागद’ म्हणून राहिलं होतं. त्यात विधवेला कळवलं होतं, की रजेवर असताना मयत झालेल्या सिपॉयचा शिल्लक पगार घेण्यासाठी वारसाचा दाखला पाठवावा. खाली नंबर. पदकावरचाच.

मित्राने ते आजीला मराठीत वाचून दाखवलं. आजीचा पहिला प्रश्न, ‘मग तो पगार मिळाला का रे?’ त्याचं उत्तर आमच्याकडे नाही.

घरात काहीच नसेल तर

तर दारं थोडी आहेत, पण आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तिथे नंबर आणि पलटण देऊन लेखी विचारता येतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून बघा, विशेषतः दुसऱ्या महायुद्धासाठी. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल घरबसल्या चालतं. तिथे एकेका शिपायाची फाइल मिळेल अशी आशा धरू नका, पण पलटणी आणि पेन्शनच्या धोरणाचे कागद सापडतात. माणूस कैदेत गेला होता असं ऐकलं असेल तर आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या १९१४-१९१८ च्या युद्धकैद्यांच्या याद्या ऑनलाइन मोफत आहेत. बातम्यांमध्ये गाजलेली तीन लाखांहून जास्त सैनिकांची रजिस्टरं मात्र पंजाबची आहेत, तिथे साताऱ्याचा माणूस शोधण्यात दिवस घालवू नका.

अर्ज पाठवताना

आयोगाच्या साइटवर नवी नावं सुचवायची सोय आहे, ईमेलनेही पाठवता येतं. तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. माणूस सैन्यात होता, अमुक तारखेला गेला, आणि त्या तारखेला तो नोकरीवर होता किंवा मृत्यूचं कारण नोकरीशी जोडलेलं होतं. प्रत्येक मुद्द्याला एक कागद जोडा. आठवणी लिहा, पण वेगळ्या पानावर, कारण त्या पुरावा म्हणून धरल्या जात नाहीत. गणवेशातला फोटोही एकट्याने काही सिद्ध करत नाही.

कागद स्कॅन करताना फोनमधलं स्कॅनर वापरा, पण ‘ब्यूटीफाय’सारखे फिल्टर बंद ठेवा. कागदाच्या चारही कडा दिसू द्या, मागची बाजूही स्कॅन करा, बरेचदा शिक्का मागेच असतो. मोडी नोंदीसोबत तिचं देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर द्या. फाइलच्या नावात सैनिकाचा नंबर टाका. सगळं तुमच्या ड्राइव्हवर ठेवाच, पण चुलत्यांनाही एक प्रत पाठवून द्या.

कारण नोकरीशी जोडलेलं होतं की नाही हा अंतिम निर्णय आयोग एकटा घेत नाही, संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचं मत घेतलं जातं. त्यामुळे वेळ लागतो. महिने लागतात असं धरून चाला आणि दर आठवड्याला ईमेल करू नका. नकार आला तर कारण मागा. ‘सेवेत असल्याचा पुरावा नाही’ असा नकार एका नव्या कागदाने बदलू शकतो. ‘तारीख चौकटीबाहेर’ हा बदलत नाही. ३१ ऑगस्ट १९२१ नंतर एक दिवस जरी झाला, तरी तो माणूस यादीत येत नाही, मग जखम युद्धातली का असेना.

आमचा अर्ज गेलाय. पाठवण्याआधी सगळ्यात जास्त वाद झाला तो नावाच्या स्पेलिंगवर. मित्राचं आधारवरचं आडनाव वेगळं, पदकावरचं वेगळं, पत्रातलं तिसरंच. शेवटी पत्रातलं मुख्य नाव म्हणून दिलं, कारण नंबरासकट पूर्ण नाव फक्त तिथेच आहे, आणि बाकीची दोन ‘या नावानेही नोंद’ म्हणून खाली लिहिली. तुम्हीही असंच करा. आणि गावाचं नाव तालुक्यासकट, जिल्हा रत्नागिरी, असं पूर्ण लिहायला सांगा.